मदत हवी आहे : हुलकावणी देताना मुलीचा गुडघा आत वळतो

नमस्कार मंडळी. माझी मुलगी १४ वर्षांची आहे, चार वर्षांपासून खो-खो खेळते. गेल्या महिन्यात तिच्याच संघातल्या एका मुलीचं गुडघ्यातलं एसीएल लिगामेंट (गुडघा स्थिर ठेवणारा अस्थिबंध) फाटलं. कुणाचा धक्का नाही, काही नाही, खांबाजवळ एकदम दिशा बदलली आणि कोसळली. तेव्हापासून माझ्या जिवाला घोर लागलाय.

मी मुलीचं संरक्षण, म्हणजे पकडणाऱ्याला चुकवत तिचं पळणं, मोबाइलवर २४० फ्रेम्सच्या स्लो मोशनमध्ये समोरून टिपलं. हुलकावणी देताना उजवं पाऊल जमिनीवर रोवलं जातं, पण गुडघा पावलाच्या रेषेत न राहता आत झुकतो. खुर्चीएवढ्या उंचीवरून उडी मारायला लावली, तर गुडघे जेमतेम वाकतात, सगळा भार ताठ पायांवर येतो. डावीकडे हे बरंच कमी दिसतं. कंबरेचे, म्हणजे नितंबाच्या बाजूचे स्नायू कमजोर असले की असं होतं, असं वाचलंय.

फुटबॉलमधला 'फिफा ११+' हा दुखापती टाळण्यासाठीचा २० मिनिटांचा सराव खो-खोला कसा बसवायचा? त्यातल्या उड्या, एका पायावरचा तोल आणि नॉर्डिक हॅमस्ट्रिंग (मांडीच्या मागच्या स्नायूंचा व्यायाम) आम्ही सुरू केलेत. पण आमच्याकडे सराव मातीवर अनवाणी आणि स्पर्धा मॅटवर बूट घालून. मॅटवर पाऊल जास्त पकडलं जातं, मग वळण्याची पद्धतच वेगळी शिकवावी लागते का?

कुणी खो-खो किंवा कबड्डीचे प्रशिक्षक, क्रीडा फिजिओ असाल तर कृपया सांगा. खेळ थांबवायचा नाहीये, तिचा जीव आहे त्यात.