मदत हवी आहे: ४० मूव्ह टाकल्या तरी सगळे एकच लो किक मारत बसतात

सहावा_राऊंड
नमस्कार मंडळी, सरळ मुद्द्यावर येतो. मी आणि माझा मित्र मिळून एक फायटिंग गेम बनवतोय. दोन कॅरेक्टर, प्रत्येकाला ४० मूव्ह, ऍनिमेशन झकास झालंय, साउंड आहे, हिट बसला की स्क्रीन हलते, सगळं आहे. पण ज्याला खेळायला द्यावं तो जरा वेळात लो किक शोधून काढतो आणि मग तेच मारत बसतो, समोरचापण तेच, जो आधी दाबेल तो जिंकला. डॅमेज निम्मं केलं, काही फरक नाही. अजून मूव्ह टाकू का? का सुपर मीटर टाकू (मारामारीत भरत जाणारी आणि 'सुपर' नावाच्या मोठ्या मूव्हवर खर्च करायची पट्टी)? शनिवारी दाखवायचंय, त्यामुळे प्लीज 'आधी अमुक गेम दोन वर्षं खेळून ये' असली उत्तरं नकोत. डेप्थ कशी आणायची तेवढं सांगा.

गनिमी
अरे पण माहिती कुठेय? टूडी का थ्रीडी? लो किकचा स्टार्टअप (बटण दाबल्यापासून लागेपर्यंतचा वेळ) किती, रिकव्हरी (मारून झाल्यावर मोकळं होईपर्यंतचा वेळ) किती? ब्लॉक झाली तर आधी कोण मोकळा होतो? ब्लॉक कसा करायचा, मागे दाबून का बटणाने? थ्रो (समोरच्याला पकडून आपटणं) आहे का? यातलं काहीच न सांगता 'डेप्थ आणा' म्हटल्यावर कोण काय सांगणार.

काळी_मांजर
कॉम्बो सिस्टीम आहे का तुमच्या गेममध्ये? नसेल तर तीच अडचण आहे, मी सांगते. एक हिट बसला की पुढे काय काय जोडता येईल हे शोधण्यातच तर खरी मजा असते. स्ट्रीट फायटर टू आला १९९१ ला, तेव्हा कॉम्बो मुद्दाम डिझाइन केलेले नव्हते, टायमिंगमुळे जोडले जात होते आणि बनवणाऱ्यांनी ते तसेच राहू दिले, आणि त्यावर अख्खा प्रकार उभा राहिला. तुम्ही कॅन्सल टाका, नॉर्मलमधून (साधी मूव्ह) मधेच स्पेशलमध्ये (खास मूव्ह) जाता येऊ दे, लोक आपोआप बाकीच्या मूव्ह वापरायला लागतील.

उलटा_पट्टा
कॉम्बो म्हणजे डेप्थ नव्हे हो. डाइव्हकिक नावाचा गेम आहे २०१३ चा, दोन बटणं फक्त, एक उडी मारायचं आणि एक हवेतून किक मारायचं, साधं चालतापण येत नाही त्यात, एक हिट की राऊंड संपला. आणि तरी स्पर्धेत खेळला गेला तो. त्याच्याही आधी बुशिडो ब्लेड, १९९७, नीट बसलेला एक वार आणि खेळ खलास. सगळी मजा अंतरात आहे. समोरचा आत्ता कुठे आहे, माझी मूव्ह कुठपर्यंत पोचते, मी अर्धं पाऊल मागे गेलो तर त्याची चुकेल का. ३६ मूव्ह काढून टाका असं माझं स्पष्ट मत आहे.

काळी_मांजर
शनिवारी दाखवायचंय म्हणतायत ते, आणि तुम्ही ३६ मूव्ह काढायला सांगताय? ऍनिमेशन करणाऱ्या मित्राचा विचार करा जरा.

रिकामा_स्लॉट
नेटकोड (ऑनलाइन खेळताना दोन मशीन जुळवणारा कोड) कोणता वापरताय? डिले बेस्ड (समोरच्याचा इनपुट येईपर्यंत थांबणारा) असेल तर कुठलाही गेम उथळच वाटणार, कारण लॅगमध्ये रिऍक्ट करताच येत नाही, मग माणूस सर्वात फास्ट मूव्ह दाबत बसतो. रोलबॅक (अंदाजाने पुढे जाऊन, चुकलं तर मागे येऊन दुरुस्त करणारा) घाला. त्यासाठीचं जीजीपीओ ओपन सोर्स आहे, फुकट मिळतं. गिल्टी गिअर स्ट्राइव्ह २०२१ ला रोलबॅक घेऊनच आला आणि ऑनलाइन किती छान चालला बघा. हे आधी करा, मग बाकीचं.

सहावा_राऊंड
ऑनलाइन नाहीचे. एकाच लॅपटॉपवर एकाच कीबोर्डवर दोघं खेळतात. टूडी आहे. लो किक ५ फ्रेम (फ्रेम म्हणजे स्क्रीनवरचं एक चित्र) स्टार्टअप, ३ ऍक्टिव्ह (ज्यात ती लागू शकते), ८ रिकव्हरी. ब्लॉक बटणाने आहे, दाबून ठेवलं की सगळं अडतं. थ्रो नाही, ऍनिमेशन जमलं नाही म्हणून ठेवला नाही. आता सांगा मीटर टाकू का?

गनिमी
थांब थांब, मीटरचं नंतर बघू. ब्लॉक सगळंच अडवतो आणि थ्रो नाही? म्हणजे ब्लॉक धरून बसलेल्या माणसाला हात लावायला तुझ्या गेममध्ये कुठलाच मार्ग नाही. १९९३ चा पहिला व्हर्चुआ फायटर बघ, त्यातही ब्लॉक बटणानेच होता, पण थ्रो ब्लॉकला हरवायचा, ब्लॉक हल्ल्याला आणि हल्ला थ्रोला. या तीनच गोष्टी, पण त्यामुळे समोरच्याच्या मनात काय चाललंय ते ओळखावं लागतं. तुझ्याकडे तिसरा कोपराच नाही.

पण नुसत्या ब्लॉकमुळे लो किक का जिंकते ते कळत नाही. ब्लॉकस्टन (ब्लॉक केल्यावर माणूस जेवढा वेळ अडकतो तो) किती आहे?

उलटा_पट्टा
थ्रो नसला तरी चालतं. वर लिहिलेल्या डाइव्हकिकमध्ये थ्रो नाही.

गनिमी
त्यात ब्लॉकपण नाही. ब्लॉक आहे म्हणून थ्रो लागतो.

निळा_कोपरा
मला विचाराल तर पॅरी (येणारा हिट ऐन वेळी झटकून टाकणं) टाका. स्ट्रीट फायटर थर्ड स्ट्राइक, इव्हो (फायटिंग गेमची मोठी स्पर्धा) २००४, डायगो उमेहाराचा केन आणि जस्टिन वाँगची चुन ली, केनकडे एवढंसं हेल्थ उरलेलं, ब्लॉक केला असता तरी चिप डॅमेजने (ब्लॉक करूनही बसणारं थोडं डॅमेज) मेला असता, आणि त्याने अख्खा सुपर एकेक हिट करून पॅरी केला आणि वर उलटून मारला. मी तो व्हिडिओ अजूनही बघतो, मागे लोक कसे ओरडतायत ते ऐकायला. पॅरीसाठी समोरच्याच्या दिशेने स्टिक मारावी लागते, म्हणजे त्या क्षणी ब्लॉक सोडून द्यावा लागतो, चुकलात तर मार खाणार. जोखीम आणि बक्षीस एकाच हालचालीत. याच्याएवढं सुंदर मेकॅनिक कोणी केलेलं नाही.

उलटा_पट्टा
त्याच पॅरीने थर्ड स्ट्राइकमध्ये फायरबॉलची किंमत संपवली हेही सांगा की. लांबून फायरबॉल टाकून समोरच्याला उडी मारायला लावायचं हा सगळा खेळच गेला, कारण तो पॅरी करत आरामात चालत येणार. एका मेकॅनिकने डेप्थ वाढते तशी दुसरीकडे कमीपण होते.

निळा_कोपरा
स्ट्रीट फायटर सिक्समध्ये त्याच्यावर तोड काढलीये ना पण. ड्राइव्ह पॅरी बटणं दाबून धरायची, धरून ठेवली की ड्राइव्ह गेज (त्यासाठीची पट्टी) जातो, पहिल्या २ फ्रेममध्ये हिट आला तर परफेक्ट पॅरी, आणि कोणी पॅरी धरून उभा असेल तर त्याला थ्रो मारला की पनिश काउंटर, डॅमेज जास्त. म्हणजे पॅरीलाही उत्तर आहे.

काळी_मांजर
शेवटी थ्रोच कामाला आला म्हणजे. हे गनिमींचं बरोबर आहे, तेवढं मान्य. पण कॉम्बोचं माझं मत कायम आहे.

सहावा_राऊंड
पॅरी शनिवारपर्यंत होणार नाही. ब्लॉकस्टन १२ फ्रेम. हिटस्टन (हिट खाल्ल्यावर अडकायचा वेळ) पण १२च, एकच व्हेरिएबल आहे 'स्टन' म्हणून, सगळ्या मूव्हना तोच लागतो. त्याचा काय संबंध?

चौथी_फ्रेम
आत्तापर्यंत नुसती वाचत होते, पण हे वाचून राहवलं नाही. सगळा संबंध त्याचाच आहे.

लो किक पहिल्याच ऍक्टिव्ह फ्रेमला लागली असं धरा. मारणाऱ्याचे उरले २ ऍक्टिव्ह आणि ८ रिकव्हरी, म्हणजे १० फ्रेम. ब्लॉक करणारा अडकलाय १२. मारणारा २ फ्रेम आधी मोकळा, म्हणजे ब्लॉक होऊनही प्लस २. आता तो परत लो किक मारतो, ती ५व्या फ्रेमला लागणार. समोरच्याने मोकळं होताच तीच ५ फ्रेमची किक दाबली तर ती लागणार ७व्याला. प्रत्येक वेळी तो हरणार. 'जो आधी दाबेल तो जिंकला' असं तुम्ही पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंय त्याचं कारण हे आहे. डॅमेज निम्मं केलंत म्हणून हे हिशोब बदलत नाहीत, नुसता राऊंड लांबतो.

तुमच्या एखाद्या हेवी मूव्हचे फ्रेम टाका, त्याची अवस्था याच्या उलट असणार.

रिकामा_स्लॉट
एकाच कीबोर्डवर दोघं म्हणालात ना. बऱ्याच साध्या कीबोर्डवर एका वेळी ठरावीक कीच नोंदल्या जातात, दोघांनी मिळून चार-पाच की दाबल्या की एखादी गायबच होते. एखादी मूव्ह निघालीच नाही तर खेळणाऱ्याला वाटणार ती मूव्हच बेकार आहे, मग तो एका कीची लो किक मारणार. निदान एकाला तरी कंट्रोलर द्या. हे गेमच्या डिझाइनचं नाही हे मला कळतंय, पण तपासून बघा नक्की.

धडपड्या
कंट्रोलरचा विषय निघालाय तर विचारतो, लिव्हरलेस (स्टिकऐवजी सगळी बटणंच असलेला) घ्यावा का साधा पॅड? स्ट्रीट फायटर सिक्ससाठी हवाय. मला शोर्युकेनचा (वर उडत मारायचा पंच) इनपुट दहातून चार वेळाच निघतो.

निळा_कोपरा
@धडपड्या, पॅडवर अंगठ्याने जमत नसेल तर लिव्हरलेस घेऊनही लगेच जमेल असं नाही. मॉडर्न कंट्रोल लावून बघा आधी, स्पेशल एका बटणावर निघतात, त्या शॉर्टकटने मारलेल्या स्पेशलचं डॅमेज २०% कमी होतं एवढंच.

उलटा_पट्टा
मॉडर्न कंट्रोल म्हणजे खेळाची वाट लावणं आहे. शोर्युकेनला इनपुट अवघड होता म्हणून अँटी एअर (उडी मारून येणाऱ्याला हवेतच हाणणं) मारणाऱ्याचं कौतुक होतं.

काळी_मांजर
कौतुक बोटांचं नसतं हो, समोरचा कधी उडी मारणार हे ओळखल्याचं असतं. आणि कृपया या वादासाठी वेगळा धागा काढा, इथे एका माणसाला शनिवारी गेम दाखवायचाय.

सहावा_राऊंड
हेवी पंच: स्टार्टअप १२, ऍक्टिव्ह ३, रिकव्हरी १८. तो कोणीच मारत नाही. मी डॅमेज तिप्पट करून बघितलं तरी नाही.

चौथी_फ्रेम
करा हिशोब. लागल्यावर मारणाऱ्याचे उरले २ + १८ = २० फ्रेम, खाणारा अडकला १२. म्हणजे हेवी पंच *नीट बसला* तरी मारणारा मायनस ८. पंच खाल्लेला माणूस ८ फ्रेम आधी मोकळा होतो आणि ५ फ्रेमची लो किक हाणतो, ती चुकूच शकत नाही. ज्याने अंतर साधून, वेळ साधून सर्वात मोठी मूव्ह बसवली त्यालाच तुमचा गेम शिक्षा करतोय. तुमच्या खेळणाऱ्यांनी हे आकडे न बघता हाताने ओळखलंय, ते बरोबरच खेळतायत.

करायचं काय तर एकच स्टन काढून टाका. प्रत्येक मूव्हला आधी दोन आकडे ठरवा, हिट झाल्यावर किती प्लस आणि ब्लॉक झाल्यावर किती मायनस, आणि मग स्टन त्यातून काढा: उरलेले ऍक्टिव्ह, अधिक रिकव्हरी, अधिक हवा तो आकडा. लो किक हिटवर प्लस ३, ब्लॉकवर मायनस २ हवी असेल तर हिटस्टन १३, ब्लॉकस्टन ८. हेवी पंच हिटवर प्लस ५ ठेवा, म्हणजे हिटस्टन २५. मग लगेच ५ फ्रेमची लो किक जोडली जाते आणि काळी_मांजर यांचा कॉम्बो वेगळी सिस्टीम न लिहिता तयार होतो. ब्लॉकवर मायनस ७, ब्लॉकस्टन १३, म्हणजे आंधळेपणाने मारला आणि अडला तर समोरच्याची लो किक पक्की. मारताना विचार करावा लागेल आता.

काळी_मांजर
हे आवडलं. कॉम्बो असेच जन्माला येतात.

उलटा_पट्टा
बरोबर आहे पण अर्धंच. ही किक हवेत चुकली तर काय होतं? माणसाला डोळ्याने बघून बटण दाबायला १२ ते १५ फ्रेम सहज लागतात, गेम ६० फ्रेमवर चालत असेल तर पाव सेकंदाच्या आसपास. तुमची लो किक सुरू होऊन संपते १५ फ्रेममध्ये, म्हणजे बघून पनिश करणं अशक्य. रिकव्हरी वाढवा तिची, १४ तरी करा. आणि पाय बाहेर येतो तेव्हा त्या पायाला हर्टबॉक्स (मार बसू शकतो तो भाग) आहे का?

सहावा_राऊंड
नाही, हर्टबॉक्स फक्त धडाचा. पायाला कशाला?

उलटा_पट्टा
म्हणजे किक मारताना पायाला काही लागतच नाही! पाय पुढे काढणं हा धोका असला पाहिजे, समोरच्याने तो पायच हाणला पाहिजे. माझा सगळा जीव या अंतराच्या खेळात आहे म्हणून कळकळीने सांगतोय, हे तेवढं शनिवारच्या आत कराच.

चौथी_फ्रेम
सहमत. फक्त रिकव्हरी १४ केलीत तर वरचे आकडे बदलतील, २ + १४ = १६, मग हिटस्टन १९ आणि ब्लॉकस्टन १४.

सहावा_राऊंड
हिट आणि ब्लॉक वेगळे केले, तुम्ही दिलेले आकडे टाकले, पायाला हर्टबॉक्स दिला. फरक प्रचंड आहे!! मित्राने हेवी पंच मारून मला हरवलं, आणि आम्ही दोघं चक्क मागेपुढे चालतोय आता. कीबोर्डचंही खरं निघालं, रिकामा_स्लॉट धन्यवाद, बाजूच्या दोन की एकत्र घेत नव्हता. थ्रोपण टाकला, ग्रॅबचं ऍनिमेशन साधंच ठेवलं, ५ फ्रेम. पण आता लो किक ब्लॉक करायला लावायची आणि लगेच थ्रो, परत तेच, थ्रोतून सुटताच येत नाही. आता हा नवीन लो किक झालाय.

निळा_कोपरा
बघा, पॅरी असती तर,

गनिमी
पॅरी धरणाऱ्याला थ्रोच लागतो हे तुम्हीच वर लिहिलंय.

सहावा_राऊंड, थ्रो सोडवायला उत्तर द्या. थ्रो लागल्यावर काही फ्रेमच्या आत समोरच्यानेही थ्रो दाबला तर दोघं सुटतात आणि लांब ढकलले जातात. १० फ्रेमपासून सुरू करा, खेळून कमीजास्त करा. दुसरं, ब्लॉकस्टन संपल्यावर थोड्या फ्रेम थ्रो लागूच नये, बऱ्याच गेममध्ये असं असतं. तिसरं, उडी मारणाऱ्याला जमिनीवरचा थ्रो लागू देऊ नका. आणि चुकलेल्या थ्रोची रिकव्हरी मोठी ठेवा, २५-३० फ्रेम, म्हणजे थ्रो येणार हे ओळखून जो मागे सरकला किंवा उडाला त्याला हेवी पंच मारायची संधी मिळाली पाहिजे.

सहावा_राऊंड
उडी मारणाऱ्याला सध्या लागतो. काढतो. रिकव्हरी ९ आहे, ती वाढवतो. मीटर मग टाकू की नको?

चौथी_फ्रेम
शनिवारपर्यंत नको. मीटर आला की खर्च करण्याच्या जागा लागतात, आणि त्या प्रत्येकीचे फ्रेम परत असेच तपासावे लागतील. उरलेल्या ३८ मूव्हचे हिट-ब्लॉकचे आकडे भरलेत का? ते टाका इथे, मी बघते आज रात्री.