पालखी सासवडला असताना एक दिवसाची आरोग्यसेवा: तयारी कशी करावी?

मोगरा: नमस्कार. माउलींची पालखी पुण्याहून सासवडला पोचते त्या दिवशी आमच्या रुग्णालयातले १४ जण सेवेला जायचं म्हणतोय. ४ डॉक्टर, ६ सिस्टर-ब्रदर, १ फार्मासिस्ट, १ फिजिओथेरपिस्ट आणि वॉर्डातले मामा व मावशी. दुपारी ३ ते रात्री ११ बसायचा विचार आहे. परवानगी कुणाची घ्यायची, औषधं कोणती आणि किती न्यायची, रांग कशी लावायची? मामा-मावशींना नुसतं सामान उचलायला लावायचं नाहीये, त्यांना नेमकं काम हवंय. अनुभवी मंडळींनी सांगावं.

कऱ्हाकाठ: पहिलं पत्र तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना द्या. सोबत डॉक्टर, नर्स आणि फार्मासिस्ट यांचे नोंदणी क्रमांक, बसायची वेळ आणि रुग्ण पुढे पाठवायची सोय लिहा. जागा तेच सुचवतील आणि ती ऐका, कारण सरकारी पथकं कुठे बसणार हे त्यांनाच ठाऊक असतं. नाहीतर एकाच चौकात चार मंडप होतात आणि आतल्या शेतांत उतरलेल्या दिंड्यांकडे कुणीच जात नाही. पुणे ते सासवड हा वारीतला लांबलचक टप्पा, वर दिवे घाटाची चढण. संध्याकाळी माणूस तंबूत एकदा आडवा झाला की औषधासाठी पुन्हा उठून येत नाही. म्हणून १४ पैकी ४ जणांनी (एक डॉक्टर, दोन सिस्टर, मामा) पिशवी घेऊन दिंड्यांमध्ये फिरावं, बाकीच्यांनी मंडपात बसावं. दिंडीचा क्रमांक विचारून घ्या, गर्दीत रुग्णाचा पत्ता तोच.

१०८ ची गाडी गर्दीतून कोणत्या तोंडाने बाहेर पडते ते दुपारीच पाहून ठेवा.

पाण्याबद्दल थोडं सविस्तर. टँकरचं पाणी शुद्ध केलंय असं कुणी सांगितलं तरी ओटी चाचणी (पाण्यात क्लोरीन आहे का ते रंगावरून दाखवणारी) करूनच प्यायला द्या. पिवळा रंग आला नाही तर क्लोरीन नाही. ताजी टीसीएल (ब्लीचिंग) पावडर १,००० लिटरला ५ ग्रॅम, म्हणजे १०,००० लिटरच्या टँकरला ५० ग्रॅम. ती थेट टाकू नका. बादलीत कालवा, चुना खाली बसू द्या, वरची निवळी टँकरमध्ये ओता आणि तासभर थांबून पुन्हा ओटी करा. पिशवी उघडी राहिलेली किंवा जुनी पावडर असेल तर तिच्यातला क्लोरीन उडालेला असतो. माप बरोबर असूनही रंग येत नाही तो त्यामुळे.

ड्रेसिंगरूम: तुमच्याकडे येणाऱ्यांत पायांचं काम सगळ्यात जास्त असणार. निम्मं मनुष्यबळ तिथेच लावा.

प्रत्येक खुर्चीला दोन स्टुलं, एक वारकऱ्याच्या पायाला, एक तुम्हाला. स्टूल बुटकं घ्या, म्हणजे तळवा डोळ्यासमोर येतो. पाय टबात बुडवून ठेवू नका. एकाच पाण्यात दहा जणांचे पाय गेले की चिखल्या एकाच्या दुसऱ्याला लागतात. खाली रिकामं घमेलं आणि वरून तांब्याने कोमट पाण्याची धार, थोडा साबण. मग बोटांच्या बेचक्या गॉजने एकेक करून कोरड्या करा. ही पायरी घाईत सुटते आणि ओल्या बेचकीवर क्लोट्रिमॅझोल (बुरशीवरचं मलम) लावून काही उपयोग होत नाही. हे पाय धुणं-पुसणं मावशींकडे द्या. हातमोजे द्या आणि पाय नीट बघायला शिकवा: जखमेचा वास, काळी पडलेली कातडी, बधिरपणा दिसला की आधी डॉक्टरांना हाक.

लहान, न फुटलेला फोड फोडू नये. टाचेखाली मोठा, टम्म फुगलेला असेल आणि पाऊल टेकवत नसेल तरच पोव्हिडोन या जंतुनाशकाने पुसून निर्जंतुक सुईने कडेला, खालच्या बाजूला दोन छिद्रं पाडा आणि गॉजने दाबून पाणी काढा. वरची कातडी कापायची नाही, तीच सगळ्यात चांगली पट्टी आहे. त्यावर पॅराफिन गॉज (जखमेला न चिकटणारं), मग जाड गॉज. मायक्रोपोर (कागदी चिकटपट्टी) घामट तळव्यावर अर्ध्या तासात सुटतो, म्हणून लवचीक चिकटपट्टी पावलाच्या वरच्या बाजूपर्यंत न्या. पट्टीचे कोपरे कात्रीने गोल करा, चौकोनी कोपरा चालताना गुंडाळतो आणि नवा फोड उठवतो. मधुमेह असलेल्याचा फोड शिबिरात फोडूच नका.

कुणी अनवाणी चालण्याचा नेम धरलेला असतो. त्यावर वाद घालू नये. पट्टी जाड बांधा आणि एका चिठ्ठीवर काय केलं व पट्टी कधी बदलायची ते लिहून द्या, पुढच्या मुक्कामी दुसऱ्या पथकाला तेवढं पुरतं. पायाचा फोटो काढण्याआधी विचारा. कुणी दमून सेवा घेतंय म्हणून आपल्याला तो हक्क मिळत नाही.

धनुर्वाताची टीडी लस आरोग्य केंद्रातून मागून घ्या आणि व्हॅक्सिन कॅरियरमध्येच (लस गार ठेवायच्या पेटीत) ठेवा. गोठलेल्या आइसपॅकला कुपी थेट टेकली तर लस गोठून वाया जाते.

पाकीटबंद: फार्मासिस्ट म्हणून सांगते, प्रकार कमी आणि साठा जास्त. पॅरासिटॅमॉल ५०० च्या १,००० गोळ्या, ओआरएसची लिटरवाली ३०० पाकिटं, झिंक, अँटासिड, सेटिरिझिन, क्लोट्रिमॅझोल मलम, डायक्लोफेनॅक जेल. प्रतिजैविकं डॉक्टरांच्या टेबलावर, वाटपाच्या नाही. कंपन्यांचे सॅम्पल आणि कापलेल्या पट्ट्या नेऊ नका. मुदतीची तारीख छापलेला तुकडा आधीच कापला गेलेला असतो.

ओआरएसचं पाकीट नुसतं हातात दिलं तर लोक पेलाभर पाण्यात ढवळून पितात. मीठ फार घट्ट होतं, उलटी होते, तहान वाढते. २० लिटरच्या जारमध्ये २० पाकिटं तुम्हीच कालवा, वेळ लिहा, २४ तासांनी ओतून द्या.

गोळ्या कागदी पुडीत देताना सूर्य आणि चंद्र काढा: सकाळी किती, रात्री किती. मग पुडी त्यांच्याच हातात देऊन विचारा, "माउली, कशी घ्याल सांगा बरं." चूक तिथेच कळते.

मोगरा: खूप उपयोगी. अजून दोन शंका. "सुई द्या" असा आग्रह फार होतो असं ऐकलंय, तिथे काय करायचं? आणि रात्री अचानक कोणते रुग्ण येऊ शकतात?

तपमान: डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन टाळाच. दिवसभर चालून शरीरातलं पाणी कमी झालेलं, वय साठीपुढचं आणि बीपीच्या अनेक गोळ्या मूत्रपिंडावर परिणाम करणाऱ्या. त्यात हे वेदनाशामक पडलं की लघवी बंद होऊ शकते आणि ते कळतं दोन मुक्काम पुढे गेल्यावर. नकार मात्र कोरडा देऊ नका. आधी पाणी पाजा, फिजिओकडे बसवा. पोटरीत गोळा आला असेल तर गुडघा सरळ ठेवून चवडा अंगाकडे ओढायचा आणि अर्धा मिनिट धरायचा. तेल लावून चोळताना एक पथ्य: एकच पोटरी सुजलेली, गरम आणि दुखरी असेल तर चोळायची नाही. शिरेत गुठळी असू शकते.

साखर तपासण्याआधी बोट पाण्याने धुवा, केळं किंवा लाडू खाल्लेल्या बोटाचा आकडा खोटा वर जातो. ७० च्या खाली आणि शुद्धीत असेल तर ३ चमचे साखर पाण्यात, १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी. मधुमेहाची ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्याला "बरं वाटतंय" म्हणून सोडू नका. औषधाचा अंमल तासन्‌तास राहतो आणि साखर पुन्हा उतरते. त्याला जेवू घाला आणि रुग्णालयात निरीक्षणाखाली ठेवा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालायचं नाही, शिरेतून डेक्स्ट्रोज (साखरेचं सलाइन).

रात्री शेतात झोपलेल्यांना विंचू चावतो. नुसती आग होत असेल तर वेदनेचा इलाज. पण दरदरून घाम, उलटी, गार पडलेले हातपाय दिसले की प्राझोसिन (रक्तवाहिन्या सैल करणारी गोळी) आणि लगेच रुग्णालय. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रूढ केलेला हा उपचार आहे. गोळीनंतर रुग्णाला उठवून बसवू नका, बीपी एकदम पडतं. साप चावला तर पाय हलू न देता सरळ १०८.

अंग तापून १०४ च्या वर आणि बोलणं असंबद्ध झालं तर तो उष्माघात. पॅरासिटॅमॉलचा उपयोग नाही. ओलं करा, वारा घाला, गाडी येईपर्यंत थंड करणं थांबवू नका.

ड्रेसिंगरूम: एक राहिलं. बायकांसाठी पडदा लावलेला कोपरा आणि तिथे सिस्टरच हव्यात. शौचालयाची सोय नाही म्हणून बायका दिवसभर पाणी टाळतात आणि लघवीची जळजळ, ताप घेऊन येतात. चारचौघांत सांगणार नाहीत. शेजारी बसून हळू विचारलं तर सांगतात. सॅनिटरी पॅड तिथेच ठेवा, मागायला लावू नका.

कऱ्हाकाठ: आठ तास सलग कुणीही पायांच्या खुर्चीवर बसू नये. दर दोन तासांनी बदली आणि ती डॉक्टरांसकट सगळ्यांना. वाकून थकलेली सिस्टर नोंदणीला, नोंदणीवरचा डॉक्टर पायांना. पायात काही धोक्याचं दिसून मावशींनी थांबवलं तर रांग थांबेल, हे निघण्याआधी सगळ्यांसमोर सांगून ठेवा, नाहीतर ऐन गर्दीत त्या बोलणार नाहीत. जेवणाची वेळ ठरवून घ्या.

निघताना सुया पांढऱ्या पंक्चर-रोधक डब्यात, रक्ताळलेलं गॉज पिवळ्या पिशवीत, हातमोजे आणि सिरिंज लाल पिशवीत, आणि हे सगळं परत तुमच्या रुग्णालयात. मैदानात काही जाळू नका. उरलेल्या न कापलेल्या पट्ट्या यादीसह ग्रामीण रुग्णालयाच्या फार्मासिस्टकडे द्या. पालखी सासवडला दोन रात्री असते, दुसऱ्या दिवशी तिथल्या लोकांना त्या लागतात.