मेला की पहिल्यापासून! : सोप्या होत गेलेल्या गेम्सचे अनुभव

गोडोली, सातारा (धागा काढणारा)

दिवाळीच्या सुटीत पुण्याहून भाची आली होती, वय १२. फराळ झाला, किल्ला करून झाला, मग मामाचा जुना कॉम्प्युटर. त्यावर २००८ सालचा 'प्रिन्स ऑफ पर्शिया' पडून होता, तो लावून दिला. अर्ध्या तासानं येऊन म्हणाली, "मामा, हा मरतच नाही." खरंच मरत नाही. उडी चुकली की बरोबरची एलिका हात धरून वर ओढते आणि मघाशी उभा होता तिथं आणून ठेवते. दरीत पडायची सोयच ठेवलेली नाही.

मग मी तिला १९८९ चा प्रिन्स दाखवला. आता तो ब्राउझरमध्येही चालतो. १२ लेव्हल आणि सगळ्या मिळून ६० मिनिटं. ती तिसऱ्या मिनिटाला जमिनीतून वर येणाऱ्या टोकदार सळ्यांवर. लेव्हल पहिल्यापासून. परत सळ्या. "परत पहिल्यापासून? का पण?"

या 'का'ला माझ्याकडं उत्तर नव्हतं. मधे २००३ चा एक प्रिन्स आहे, त्यात खंजिरातल्या वाळूनं वेळ मागं नेता येते. म्हणजे १९८९ ला वेळ आपल्या मागं लागलेली, २००३ ला वेळ आपल्या हातात आणि २००८ ला तो प्रश्नच मिटला.

आता खरं सांगतो. ज्या दुकानात मी प्रिन्स शिकलो तिथं गेम सुरू करतानाच 'प्रिन्स मेगाहिट' असं टाइप करायचे. मग शिफ्ट आणि एल दाबलं की पुढची लेव्हल. शेवटची राजकन्या मी तशीच भेटलोय. भाचीला हे सांगितलेलं नाही.

तर लिहा. तुम्ही कुठली मालिका अवघड असताना खेळलात, ती सोपी झाल्यावर काय वाटलं? 'आजकालच्या पोरांना कष्ट नकोत' हे एक वाक्य सोडून काहीही चालेल.

विश्रामबाग, सांगली

मी दुसऱ्या बाजूचा माणूस. २००३ ते २०११ माझा सायबर कॅफे होता. १२ मशीन, तासाला १५ रुपये. नेट नावाला, खरा धंदा गेमचा.

'प्रोजेक्ट आयजीआय', लपत-छपत गोळीबार करायचा गेम, ज्यांनी खेळलाय त्यांना सांगायला नको. १४ मिशन, आणि मिशनच्या मधे सेव्ह नाही, मेला की मिशन पहिल्यापासून. पाऊण तास सरपटत जायचं, कॅमेरा चुकवायचा, तारेखालनं घुसायचं आणि शेवटच्या टॉवरवरचा एक जण टिपून मोकळा व्हायचा. पोरगं डोकं धरून बसायचं. त्यात त्या वेळचं लोडशेडिंग. यूपीएस फक्त माझ्या टेबलावरच्या मशीनला, बाकीची ११ गप्प. लाइट गेली की आतनं जो आवाज यायचा तो रस्त्यापलीकडच्या चहावाल्याला ऐकू जायचा. माझ्या मशीनवर बसायला पोरं जादा पाच रुपये द्यायची. मी कधी मागितले नाहीत, पण नाहीही म्हटलं नाही.

मग २००३ चा 'आयजीआय २' आला. त्यात मोजून का होईना, मिशनमधे सेव्ह दिले. पोरं खूश. माझा मात्र गल्ला बसला! आधी जे मिशन तीन तास खायचं ते सव्वा तासात व्हायला लागलं.

म्हणून सांगतो, त्या अवघडपणाला फार मोठं करू नका. जत्रेत नाणं टाकून खेळायच्या मशीन असायच्या, त्या अवघड का होत्या? नाणी पडावीत म्हणून. मेल्याशिवाय दुसरं नाणं कसं येणार? पुढं घरच्या टीव्हीवर गेम आले तरी तीच सवय लागून राहिली. अवघड गेमवर माझं घर चाललंय, मला त्याचं वाईट बोलायचं नाही, पण त्यात तप वगैरे काही नव्हतं भावा.

मंगळवार पेठ, सातारा

वर वर खाली खाली, डावी उजवी डावी उजवी, बी, ए, स्टार्ट.

गोळीबाराच्या 'काँट्रा' गेममधे ३० जीव मिळवून देणारा बटणांचा मंत्र. आमच्या वाड्यात परवचा न येणाऱ्या पोरालाही हा यायचा. मुळात जीव तीन, आणि एक गोळी लागली की एक जीव गेला. आमच्या कॅसेटीत सेव्ह हा प्रकारच नाही, आईनं जेवायला बोलावलं की टीव्ही तेवढा बंद करायचा, खालचा गेमचा डबा तसाच चालू. तो रात्रभर गरम.

हा मंत्र मुळात 'काँट्रा'चा नाहीच. १९८६ ला 'ग्रेडियस' नावाचा विमानाचा गेम घरच्या मशीनवर आणताना तो करणाऱ्या प्रोग्रॅमरलाच तपासताना पार होईना, म्हणून त्यानं स्वतःपुरता घातला आणि काढायचा राहून गेला. हे वाचलं तेव्हा मला लई बरं वाटलं.

कराड

माझी मालिका 'एल्डर स्क्रोल्स', तलवार-मंत्रांच्या जगात भटकायचे गेम. थोडं लांबेल, माफी.

'मॉरोविंड' २००२ चा. मी तो हॉस्टेलवर २००५ ला खेळलो. त्यात नकाशावर बाण नाही, ठिपका नाही. माणूस तोंडी पत्ता सांगतो आणि तो वहीत उतरतो: गावाबाहेर पडा, पूल ओलांडा, पुढं रस्ता फुटेल तिथं अमक्या बाजूला, डोंगराच्या पोटात दार आहे. पाटणच्या आतल्या वाड्यांवर पत्ता विचारत गेलाय कधी? "हितनं सरळ जावा, पिंपळ लागंल, तिथनं खालच्या अंगाला." तस्सं. आणि खऱ्या वाटाड्यासारखेच काही पत्ते अर्धवट. मी एक थडगं शोधायला दोन संध्याकाळी घालवल्या. ते सापडलं नाही, पण त्या नादात एक चेटकीण सापडली आणि तिनं मला मारलं. या मधल्या भटकण्यालाच मी गेम समजत होतो.

२००६ ला 'ऑब्लिव्हियन'. वर होकायंत्राची पट्टी, त्यावर बाण. लोक काय बोलतात हे वाचायची गरज संपली. मी एका म्हाताऱ्याचं सगळं दुःख बटण दाबत दाबत उडवलं आणि बाणामागं चालायला लागलो. नंतर लक्षात आलं की त्याच्या मुलाचं काय झालं होतं हेच मला माहीत नाही.

२०११ चा 'स्कायरिम' तर सगळ्यांनी खेळलाय. कौशल्यं मॉरोविंडमधे २७, ऑब्लिव्हियनमधे २१, इथं १८. ताकद, बुद्धी, चपळाई असले आठ गुण होते, ते सरसकट गेले. आपले मंत्र आपणच तयार करायची सोय गेली. मॉरोविंडमधे कथेतला महत्त्वाचा माणूस चुकून मारता यायचा. मग गेम सांगायचा की आता भविष्यवाणीचा धागा तुटला, पाहिजे तर जुना सेव्ह लाव, नाहीतर या मोडलेल्या जगात राहा. स्कायरिममधे असली माणसं गुडघ्यावर बसतात, दम खातात, उठतात. मला हे आजही खटकतं. चूक करायची मुभा काढून घेणं आणि चूक माफ करणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

पण सगळंच गेलेलं सोनं होतं असं नाही. मॉरोविंडमधे तलवार समोरच्याच्या पोटात घुसलेली दिसायची आणि आत फाशाचं दान उलटं पडलेलं असायचं, म्हणून वार लागलाच नाही. पहिल्या गावाबाहेरच्या उंदरानं मला मारलंय. त्या फाशांसाठी मी रडणार नाही. मला फक्त तो तोंडी पत्ता परत पाहिजे.

मिरज

'जीटीए' मालिकेतल्या 'व्हाइस सिटी'मधलं खेळण्यातल्या हेलिकॉप्टरचं मिशन, जिथं भलेभले अडकायचे. एवढंच लिहितो, ज्याला कळायचं त्याला कळलं.

२०१३ च्या 'जीटीए ५' मधे तीनदा हरलं की तो तुकडा सोडून पुढं जायचं बटण येतं. मी दाबलं. अजिबात लाज वाटली नाही.

शाहूपुरी, सातारा

मी या धाग्यावरची पहिली बाई दिसतेय. माझा अनुभव उलटा आहे. मालिका सोपी झाली म्हणूनच मी आत आले.

भाऊ सिंगापूरला होता, त्यानं २०१० ला 'वी' (टीव्हीला जोडायचं गेमचं यंत्र) आणली, सोबत मारिओ. मुलं लहान, दुपारी झोपायची. मी आणि माझी जाऊ आवाज बंद करून खेळायचो. लहानपणी मारिओ दादाचा होता. माझ्या वाट्याला दुसरा रिमोट, तोही बहुतेक वेळा न जोडलेला, हे मला मोठेपणी कळलं.

या २००९ च्या मारिओत एकाच लेव्हलला आठ वेळा मेलं की हिरवा ठोकळा येतो. त्यावर डोकं आपटलं की मारिओचा भाऊ लुइजी येऊन ती लेव्हल आपली आपण खेळून दाखवतो. मनात आलं तर मधूनच आपण हाती घ्यायची. तो ठोकळा आला की आम्ही दोघी जावा एकमेकींकडं बघायचो. ती म्हणायची घेऊ, मी म्हणायची अजून एकदा. एकदा सासूबाई मागं कधी येऊन उभ्या राहिल्या कळलंच नाही. म्हणाल्या, "अगं, तो हिरवा दादा करून देतोय तर करू दे की, चहाची वेळ झाली."

आम्ही तो किती वेळा घेतला? चारदा असेल. पण तो आहे म्हणून आम्ही बसायचो. नाहीतर पहिल्याच आठवड्यात पेटी माळ्यावर गेली असती. कॅफेवाल्या दादांना विचारायचं होतं, तुमच्या १२ मशीनवर आठ वर्षांत किती मुली बसल्या?

विश्रामबाग, सांगली

गेमला? दोघी. दोघी बहिणी, भावाला न्यायला यायच्या आणि तो उठेपर्यंत बसायच्या. रोड रॅश, मोटारसायकलच्या शर्यतीचा. चांगल्या खेळायच्या. ताई, तुम्ही बरोबर बोट ठेवलं.

तासगाव

आमची द्राक्षबाग. त्यामुळं राज्य उभारून लढायच्या 'एज ऑफ एम्पायर्स २' मधल्या शेतीवर बोलायचा अधिकार मला आहे असं मी समजतो.

१९९९ च्या मूळ गेममधे शेत करायला ६० लाकूड. त्यातलं धान्य संपलं की शेत वाळतं, शेतकरी टोपी घालून बाजूला उभा. तुम्ही तिकडं लढाईत, इकडं दहा जण हात बांधून उभे, आणि घोडेस्वार काढायला गेलात की कळतं धान्यच नाही. २००० च्या 'काँकरर्स' या पुरवणीनं गिरणीत आगाऊ लाकूड भरून पुढच्या पेरण्या लावून ठेवायची सोय दिली. २०१९ च्या नव्या आवृत्तीत शेत आपलं आपण पेरलं जातं. टेहळणीचा घोडेस्वारसुद्धा स्वतः हिंडून येतो.

जुने गडी म्हणतात मजा गेली. मला विचाराल तर माझ्या बागेला असलं बटण कुणी दिलं तर मी मजा गेली म्हणणार नाही. छाटणी झाल्यापासून बेदाणा शेडवर टाकेपर्यंत माणूस आभाळाकडं बघून बघून म्हातारा होतो. गेममधेही परत परत पेरणं ही काय अक्कल होती? हमाली होती ती.

आणि हमाली गेली म्हणून गेम सोपा झाला का? ऑनलाइन पोरं मला वीस मिनिटांत गुंडाळतात. आधी मला सांगता यायचं की शेतं वाळली म्हणून हरलो. आता तेही कारण उरलं नाही, हे खरं दुखणं.

गावभाग, सांगली

वय २२, त्यामुळं 'आजकालचं पोरगं' मीच. पण माझीही तक्रार आहे.

मी 'पोकेमॉन फायररेड' फोनवर एम्युलेटर (जुन्या गेम-यंत्राची नक्कल करणारं ॲप) टाकून खेळलो. त्यात बहुतेक वेळा जो पोकेमॉन (पाळून लढवायचा प्राणी) लढतो त्यालाच अनुभवाचे गुण. कच्च्या पिल्लाला मोठं करायचं तर त्याला पुढं पाठवायचं, लगेच मागं घ्यायचं, असं पन्नासदा. २०१३ च्या 'एक्स' आणि 'वाय'पासून 'एक्सपी शेअर' ही गुण वाटायची सोय लावली की सगळ्या टोळीला गुण, तेव्हा निदान बंद करता यायचं. २०१९ च्या 'स्वोर्ड'-'शील्ड'मधे बंद करायचं बटणच नाही. मामेभावाच्या स्विच या गेम-यंत्रावर खेळलो. माझा सहावा पोकेमॉन एकदाही न लढता जवान झाला. त्याचं नावसुद्धा मला आठवत नाही. फायररेडमधल्या सहाही जणांची नावं आत्ता सांगतो.

सोपं करा हो, पण बंद करायचं बटण ठेवा.

आणि मोबाइलवर मारामारीचे गेम सुरुवातीला समोर बॉट, म्हणजे गेमच चालवतो ते खोटे खेळाडू, सोडतात, त्याबद्दल कुणी बोलणार का? पहिल्याच दिवशी माझा चिकन डिनर झाला होता, म्हणजे शेवटपर्यंत टिकून मी जिंकलो होतो. मी कट्ट्यावर वडापाव वाटले. आठवड्यानं कळलं की त्यातले बहुतेक माणसंच नव्हते. वडापावचे पैसे कुणाकडं मागू?

सदर बझार, सातारा

थोडक्यात. धाकट्या भावाचा उजवा हात अपघातानंतर पूर्वीसारखा चालत नाही. २०२० च्या 'लास्ट ऑफ अस'च्या दुसऱ्या भागात अशा लोकांसाठी ६० च्या वर सोयी आहेत. बटणं हवी तशी बदलता येतात, सारखं टपटप दाबायच्या जागी नुसतं धरून ठेवलं तरी चालतं. आम्ही सगळं लावायलाच एक संध्याकाळ घेतली. तो पूर्ण खेळला, तेही मी ज्या पातळीवर हात टेकले तिच्याहून वरच्या पातळीवर. आता मला शिकवतो. चिडचिड होते, पण असू दे.

गोडोली, सातारा (धागा काढणारा)

वाचतोय सगळं. कराडच्या दादांचं मुभा आणि माफीचं वाक्य दोनदा वाचलं. २००८ च्या प्रिन्सबद्दल मला जे सांगता येत नव्हतं ते हेच असावं. पण मग तो हिरवा ठोकळा आठवतो आणि परत गोंधळतो, कारण एलिका आणि लुइजी करतात तेच, फक्त लुइजीला आपण बोलवायचं असतं.

काल रात्री भाचीचा मेसेज आला. पुण्यात शाळा सुरू झालीय, तरी ब्राउझरमधे तो जुना प्रिन्स चालूच आहे. पहिल्या लेव्हलच्या पहारेकऱ्यापाशी अडकलीय, कारण हातात तलवार नाही. "मामा, तलवार कुठंय?"

मी अजून सांगितलेलं नाही. कृपा करून इथंही कुणी लिहू नका. ती हा धागा वाचते.