केबल बंद करण्याआधी इंटरनेटवरचा टीव्ही नीट कसा तपासून घ्यावा?

कृष्णाकाठ (प्रश्न)

नमस्कार. कराडच्या आमच्या घरी आई-वडील दोघेच असतात आणि मी नोकरीनिमित्त पुण्यात राहतो. घरातला ३२ इंची एलईडी टीव्ही जुना आहे. तो ‘स्मार्ट’ नाही, परंतु त्याच्या मागे बाहेरची यंत्रे जोडायचे दोन एचडीएमआय पोर्ट आहेत आणि चित्र अजूनही स्वच्छ दिसते, त्यामुळे तो बदलण्याची आमची इच्छा नाही. नुकतीच आमच्या गल्लीत फायबरची सोय झाल्यामुळे ४० एमबीपीएस (सेकंदाला ४० मेगाबिट) वेगाची जोडणी घेतली आहे, आणि केबल व इंटरनेट अशी दोन्ही बिले दरमहा कशाला भरायची, असा प्रश्न आता घरात निघाला आहे.

वडिलांना सह्याद्रीवरील बातम्या आणि क्रिकेट लागते. आईच्या मालिका संध्याकाळी सात ते दहा या वेळेत तीन निरनिराळ्या वाहिन्यांवर असतात. दोघांनाही मोबाइल वापरता येतो, मात्र टीव्हीच्या पडद्यावर अ‍ॅप शोधणे, त्यात पुन्हा कार्यक्रम शोधणे हा प्रकार त्यांना नवीन आहे.

अशा घरासाठी एचडीएमआयमध्ये लावायची, साध्या टीव्हीवर इंटरनेटवरचे कार्यक्रम दाखवणारी स्टिक पुरेशी होईल का, वेगवेगळ्या सेवा पैसे न अडकवता कशा तपासून पाहाव्यात, आणि महिन्याला साधारण किती डेटा लागेल, हे जाणकारांनी कृपया सांगावे. बाजारात एका दुकानदाराने ‘सर्व वाहिन्या आयुष्यभर मोफत’ असे सांगून टीव्हीला जोडायचा एक स्वस्त अँड्रॉइड बॉक्सही दाखवला आहे. तो घ्यावा की नाही, याबद्दल वडील आणि मी यांच्यात मतभेद आहेत.

तारयंत्र

बॉक्सचे आधी सांगतो, कारण बाकी सगळे त्याच्यापुढे किरकोळ आहे. तो घेऊ नये. अशा बॉक्समध्ये अँड्रॉइड असते, पण गुगलचे प्रमाणपत्र बहुधा नसते, आणि ‘आयुष्यभर मोफत’ वाहिन्या म्हणजे चोरून उचललेले प्रक्षेपण असते, जे कोणत्याही संध्याकाळी बंद पडू शकते आणि त्याबद्दल तक्रार करायला जागाही नसते. त्याहून गंभीर गोष्ट अशी की, कारखान्यातूनच घातक सॉफ्टवेअर घेऊन आलेले असे लाखो बॉक्स जगभर सापडले आहेत. जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआय या तपास यंत्रणेने ‘बॅडबॉक्स २.०’ या नावाने याविषयी जाहीर इशारा दिला होता. ज्या वाय-फायवर तुमच्या वडिलांचा बँकेचा मोबाइल चालतो, त्याच वाय-फायवर असे यंत्र बसवणे मला तरी पटत नाही.

प्रमाणपत्राचा संबंध चित्राच्या दर्जाशीही आहे. पैसे घेऊन चित्रपट दाखवणाऱ्या सेवा आपले व्हिडिओ कुलूपबंद करून पाठवतात. अँड्रॉइडवर त्या कुलपाचे नाव वाइडवाइन. ते बनवणारी कंपनी गुगलने २०१० मध्ये विकत घेतली. ज्या यंत्रात या कुलपाची किल्ली हार्डवेअरमध्येच सुरक्षित असते त्याला एल-वन म्हणतात, आणि जिथे हे काम निव्वळ सॉफ्टवेअरवर भागवलेले असते ते एल-थ्री. प्रमाणपत्र नसलेले बॉक्स बहुधा याच दुसऱ्या प्रकारात येतात. एल-थ्री यंत्रावर अनेक सेवा ४८०पी (उभ्या दिशेने ४८० ठिपके) किंवा त्याच्या आसपासचेच चित्र देतात, मग तुमचे इंटरनेट कितीही वेगवान असो आणि तुम्ही कितीही महाग योजना घेतलेली असो. ‘अ‍ॅप तर चालते, पण चित्र धूसर दिसते’ ही तक्रार करणाऱ्यांनी सर्वप्रथम हे तपासावे.

तुमच्या टीव्हीला नामांकित कंपनीची साधी एचडी स्टिक पुरेशी आहे. जुन्या ३२ इंची टीव्हीचा पडदा बहुधा १३६६ × ७६८ ठिपक्यांचा असतो (मागच्या पट्टीवर ‘एचडी रेडी’ लिहिलेले असेल तर तसे समजावे), त्यामुळे फोर-केची, म्हणजे याहून कितीतरी अधिक ठिपक्यांच्या चित्राची, स्टिक आणि फोर-केची वर्गणी या दोन्हींचे पैसे वाया जातील. स्टिकला वीज मात्र तिच्यासोबत आलेल्या अडॅप्टरमधूनच द्या. टीव्हीच्या यूएसबी पोर्टमधून बहुधा अर्धा अँपिअर प्रवाह मिळतो आणि स्टिकला त्याच्या दुप्पट लागू शकतो. मग ती मध्येच बंद पडून पुन्हा सुरू होते आणि घरातले लोक इंटरनेटला दोष देत बसतात.

वेगाचे म्हणाल तर ४० एमबीपीएस भरपूर आहे. नेटफ्लिक्सच्याच सूचनेप्रमाणे ७२०पी साठी ३, १०८०पी साठी ५ आणि फोर-के साठी १५ एमबीपीएस लागतात. ५ एमबीपीएसचा प्रवाह तासभर सलग चालला तर सुमारे सव्वादोन जीबी खर्च होतात. रोज पाच तास टीव्ही चालू राहिला असे धरले, तरी महिन्याला साडेतीनशे जीबीच्या आतच राहाल. घरगुती फायबरच्या बहुतेक योजनांची मर्यादा ३,३०० जीबीच्या आसपास असते, तेव्हा त्याची चिंता नको. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर दिवसाला दीड-दोन जीबीत हे सारे बसवू पाहणाऱ्यांनाच हे गणित आड येते.

खरी चाचणी घ्यायची ती टीव्हीच्या जागी, आणि संध्याकाळी आठ-नऊच्या सुमारास. दुपारी दोन वाजता राउटरशेजारी उभे राहून मोबाइलवर वेग मोजण्याला अर्थ नाही. संध्याकाळी सगळी गल्ली ऑनलाइन असते, आणि आपल्याकडील जाड भिंती राउटरच्या दोन वाय-फाय पट्ट्यांपैकी ५ गिगाहर्ट्झची पट्टी बऱ्यापैकी अडवतात. त्यापेक्षा २.४ गिगाहर्ट्झ भिंतीपलीकडे चांगले पोहोचते, पण तिथे शेजाऱ्यांच्या राउटरांची गर्दी असते. दोन्ही लावून पाहा. मोजण्यासाठी नेटफ्लिक्सने २०१६ मध्ये सुरू केलेले फास्ट डॉट कॉम हे संकेतस्थळ सोयीचे आहे, कारण ते नेटफ्लिक्सच्या सर्व्हरपासून तुमच्यापर्यंतचा वेग दाखवते. यूट्यूबमध्ये व्हिडिओ चालू असताना सेटिंगमधून तांत्रिक आकडेवारी उघडता येते. तिथे गळालेल्या फ्रेमची (न दाखवता सुटलेल्या चित्रांची) संख्या वाढत असेल, तर दोष बहुधा वेगाचा नसून यंत्राच्या ताकदीचा असतो.

सांजवात

तारयंत्र यांनी यंत्राची बाजू चोख सांगितली आहे. मी वाहिन्यांविषयी लिहिते, कारण आमच्या घरी सासूबाईंसाठी हाच खटाटोप करून झाला आहे.

सर्व मराठी वाहिन्या एका अ‍ॅपमध्ये मिळतील ही आशा सोडूनच सुरुवात करावी. झी मराठीच्या मालिका झी-फाइव्हवर, स्टार प्रवाह आणि कलर्स मराठी या दोन्हींच्या जिओहॉटस्टारवर, सोनी मराठीच्या सोनी लिव्हवर आणि सन मराठीच्या सन नेक्स्टवर, अशी वाटणी आहे. जिओसिनेमा आणि डिस्ने प्लस हॉटस्टार १४ फेब्रुवारी २०२५ रोजी एकत्र आल्यामुळे एक वर्गणी तरी कमी झाली. म्हणून आईंच्या तीन मालिका कोणकोणत्या वाहिन्यांवर आहेत हे आधी कागदावर लिहून काढा. त्यातून किती सेवा लागतील हे लगेच दिसेल. कदाचित दोनच लागतील, आणि तसे झाले तर केबल सोडण्याचा हिशेब जमेल. तीन-चार लागल्या, तर केबलच परवडते असे माझे स्पष्ट मत आहे.

सह्याद्रीसाठी पैसे मोजण्याची गरज नाही. प्रसार भारतीने नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्यातील आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या उद्घाटनप्रसंगी ‘वेव्हज्’ हे स्वतःचे व्यासपीठ सुरू केले असून त्यावर दूरदर्शनच्या वाहिन्या थेट दिसतात. सह्याद्रीच्या बातम्या यूट्यूबवरही असतात, आणि वडिलांना यूट्यूब आधीपासून परिचयाचे असेल, तर तेच सर्वांत सोपे.

क्रिकेटच्या बाबतीत मात्र एक गोष्ट आधीच सांगून ठेवा. इंटरनेटवरचे थेट प्रक्षेपण केबलच्या मागे चालते. व्हिडिओचे काही सेकंदांचे तुकडे करून पाठवले जातात आणि प्लेअर दोन-तीन तुकडे हाताशी जमल्याशिवाय दाखवायला सुरुवात करत नाही. अ‍ॅपलने २००९ मध्ये आणलेल्या एचएलएस या तुकड्यांनी व्हिडिओ पाठवण्याच्या पद्धतीत मुळात दहा-दहा सेकंदांचे तुकडे सुचवलेले होते, म्हणजे तिथेच अर्धे मिनिट गेले. आता तुकडे लहान झाले आहेत, तरी शेजारच्या घरातून ‘आउट!’ असा आरडाओरडा आधी ऐकू येतो आणि आपल्या पडद्यावर गोलंदाज अजून धावत येत असतो. आमच्या सासऱ्यांनी याचा इतका धसका घेतला की सामन्याच्या वेळी ते खिडक्या लावून घेतात. यावर घरच्या घरी उपाय नाही. हे सहन होणार नसेल तर केबल ठेवावी.

कृष्णाकाठ

दोघांचेही मनःपूर्वक आभार. बॉक्सचा विषय वडिलांनी स्वतःहून सोडून दिला. आईच्या मालिकांची यादी केली असता दोन सेवांवर भागेल असे दिसते. आता प्रश्न वर्गणीचा आहे. पूर्वी महिनाभर मोफत पाहायला मिळत असे, ती सोय आता फारशी दिसत नाही. शिवाय स्वयंचलित कपात सुरू झाली की ती बंद करणे अवघड जाते, असा परिचितांचा अनुभव आहे. वडिलांच्या खात्यातून पैसे भरायचे असल्याने याबाबत सावध राहावेसे वाटते.

हिशोबनीस

मोफत महिन्याचा काळ सरला, हे आपले निरीक्षण बरोबर आहे. नेटफ्लिक्स जानेवारी २०१६ मध्ये भारतात आले तेव्हा पहिला महिना मोफत होता. आज बहुतेक सेवांच्या बाबतीत चाचणी म्हणजे एका महिन्याचे पैसे, असेच धरून चालावे. त्यामुळे वार्षिक योजनेवरील सवलत कितीही आकर्षक वाटली तरी आरंभी मासिक योजनाच घ्यावी, आणि दोन सेवा एकाच महिन्यात न घेता एकीनंतर दुसरी घ्यावी, म्हणजे कोणती खरोखर वापरली जाते हे कळते. पहिल्या महिन्यात केबल चालूच ठेवावी. दोन्ही बिले एकदम भरण्याचा तो महिना खर्चिक वाटेल, पण घाईने जोडणी तोडून ती पुन्हा घेण्यापेक्षा तो स्वस्त पडतो.

योजना निवडताना ‘मोबाइल’ हा शब्द नीट वाचावा. डिसेंबर २०२१ मध्ये नेटफ्लिक्सने दर उतरवले तेव्हा १४९ रुपयांची योजना केवळ मोबाइल व टॅबसाठी होती आणि टीव्हीवर पाहण्यासाठी किमान १९९ रुपयांची योजना लागत असे. इतर सेवांतही अशी मोबाइलपुरती योजना आढळते. सर्वांत स्वस्त आकडा पाहून पैसे भरायचे आणि मग टीव्हीवर काहीच लागत नाही म्हणून सेवा केंद्राला फोन करायचे, असे पुष्कळांचे होते.

स्वयंचलित कपातीविषयी रिझर्व्ह बँकेचे नियम ग्राहकाच्या बाजूचे आहेत, फक्त ते ठाऊक हवेत. १ ऑक्टोबर २०२१ पासून कार्डावरील आवर्ती (ठरावीक काळाने होणाऱ्या) कपातीआधी किमान २४ तास बँकेने सूचना पाठवणे बंधनकारक आहे आणि ती संमती रद्द करण्याचा मार्गही द्यावा लागतो. जून २०२२ पासून १५,००० रुपयांपर्यंतच्या अशा कपातीला दर वेळी ओटीपी लागत नाही, म्हणून पैसे गुपचूप गेल्यासारखे वाटतात. माझी सूचना अशी की, वर्गणी यूपीआय ऑटोपेने (एकदा संमती दिली की पैसे आपोआप जाण्याची यूपीआयमधील सोय) भरावी. ज्या अ‍ॅपमधून संमती दिली त्याच अ‍ॅपच्या ऑटोपे विभागात ती दिसते आणि तिथूनच रद्द करता येते. सेवेच्या अ‍ॅपमध्ये ‘सदस्यत्व रद्द करा’ हे बटण शोधत बसावे लागत नाही. मी एका सेवेचे सदस्यत्व सोडू पाहत होतो तेव्हा ‘खरोखर जायचे आहे का’ असे विचारणारी पाने एकामागून एक येत राहिली. शेवटी बँकेकडूनच संमती काढून घेतली. सदस्यत्व सोडणे मुद्दाम अवघड करणे, ज्याला सदस्यत्वाचा सापळा म्हणता येईल, हा प्रकार केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत संकेतस्थळांवरील ग्राहकाला चकवणाऱ्या फसव्या रचनांच्या तेरा प्रकारांमध्ये गणलेला आहे, त्यामुळे १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते.

दोहा ते दापोली

मी कतारमध्ये असतो आणि दापोलीच्या घरी आई-वडिलांसाठी हीच व्यवस्था चालवतो, म्हणून थोडी भर घालतो. सर्व खाती भारतातील क्रमांकावर आणि भारतातील बँकेवरच काढावीत. परदेशात राहणाऱ्या मुलांनी आपल्याच खात्यात आई-वडिलांना जोडण्याचा मोह टाळावा, कारण देशागणिक दरही वेगळे आणि दिसणारे कार्यक्रमही वेगळे. कृष्णाकाठ पुण्यातच असल्याने त्यांना ही अडचण नाही. परंतु कमी दराच्या योजनांत एका वेळी एकाच पडद्यावर पाहता येते, तेव्हा पुण्यात ते सामना लावून बसले की कराडमध्ये आईंची मालिका बंद पडेल, हे ध्यानात असू द्यावे.

ज्येष्ठांना खरा त्रास रिमोटचा होतो. टीव्हीच्या सेटिंगमध्ये एचडीएमआय-सीईसी असेल तर ते चालू करावे (प्रत्येक कंपनी त्याला निराळेच नाव देते). म्हणजे स्टिकचे बटण दाबले की टीव्ही आपोआप सुरू होतो आणि योग्य पोर्टवर येतो. टीव्ही फार जुना असून ती सोय नसेल, तर ज्या स्टिकच्या रिमोटवर टीव्हीचा आवाज व पॉवर यांची बटणे आहेत तीच घ्यावी. स्टिकच्या मुख्य पडद्यावरून लागत नाहीत ती सर्व अ‍ॅप काढून टाकावीत किंवा मागे ढकलावीत, आणि पहिल्या ओळीत आईंची दोन व वडिलांचे यूट्यूब एवढीच तीन ठेवावीत. प्रत्येक अ‍ॅपमध्ये मालिका ‘माझी यादी’त टाकून ठेवल्या की पडद्यावरच्या कळफलकावर एकेक अक्षर वेचत शोध घ्यावा लागत नाही. हे सगळे तुम्ही सुटीत घरी गेल्यावर करून द्या. फोनवरून समजावत बसाल तर दोन्हीकडे चिडचिड होईल.

आणि राउटरसाठी बारा व्होल्टचा छोटा यूपीएस जरूर घ्या. इन्व्हर्टरवर टीव्ही चालू राहतो, पण राउटर बहुधा दुसऱ्या खोलीतल्या साध्या बोर्डावर लावलेला असतो आणि वीज जाताच बंद पडतो. शिवाय वीज आल्यावर त्याला पुन्हा जोडणी मिळेपर्यंत काही मिनिटे जातात. तुमच्याकडे राउटरचा प्लग इन्व्हर्टरच्या लाइनवर आहे का, हे आधी पाहून घ्या. तसे असेल तर हा खर्च वाचेल.