उंदरांच्या हृदयाचे ठोके, पुढची गंमत
एक दावा ऐकू येतो की प्रयोगात उंदीर हृदयाचे ठोके कमीजास्त करायला शिकले म्हणजे आपल्यालाही जमेल, पण पुढची गंमत राहिलीच ना. मिलर आणि डिकारा या मानसशास्त्रज्ञांनी १९६७ च्या सुमारास क्युरारे (स्नायू लुळे पाडणारं औषध) देऊन उंदीर लुळे केले, श्वास मशीनवर, बक्षीस थेट मेंदूत विजेचं, का तर हातपाय ताणून किंवा श्वास रोखून चीटिंग नको. ठोके २०% च्या आसपास बदलले. मग प्रयोग पुन्हा केले तसा तोच इफेक्ट आटत गेला, मिलरचा सहकारी ड्वर्किन याने सुमारे २५०० उंदीर घालवले तरी हाती काही नाही, आणि १९८६ मध्ये हे अपयश छापताना सोबत नाव मिलरचंच! याला म्हणतात दम. मी तलावपाळीच्या बाकावर बसून घड्याळात बघत मिनिटाला ८४ ठोक्यांचे ७६ करतो, पण श्वास लांबवून, म्हणजे चीटिंगच की.