'निधी मंजूर' म्हणजे नेमकं काय झालं?

प्रश्न : आमदार-खासदार-नगरसेवकांच्या फेसबुक पानांवर दोन वाक्यं सारखी दिसतात. 'रस्त्यासाठी २ कोटींचा निधी मंजूर' आणि 'तक्रारीची दखल घेण्यात आली आहे'. वाचणाऱ्याने यातून काय समजायचं?

उत्तर : 'मंजूर' मुळात अरबी. 'नजर' ज्या धातूतून आला त्यातूनच हाही, म्हणजे शब्दशः 'पाहिलेला'. पोस्टमध्ये तो पुष्कळदा याच अर्थाने असतो म्हणा!

सरकारी कामाला मंजुरी एकच नसते. आधी अंदाजपत्रक. मग प्रशासकीय मान्यता, म्हणजे काम करायचं आणि एवढा खर्च चालेल. मग तांत्रिक मान्यता, ज्यात अभियंते आराखडा आणि दर तपासतात. त्यानंतर निविदा आणि शेवटी कार्यारंभ आदेश, म्हणजेच वर्क ऑर्डर. प्रशासकीय मान्यतेच्या दिवशीच 'मंजूर' लिहिलं की लोक पुढच्या आठवड्यात जेसीबीची वाट बघतात. पुढे निविदा कोणी भरली नाही, फेरनिविदा काढावी लागली, की त्याच पोस्टखाली लोक तारीख दाखवून जाब विचारतात. त्यापेक्षा टप्प्याचं नाव लिहावं : 'प्रशासकीय मान्यता मिळाली, निविदा बाकी'.

आणखी एक : खासदार निधीला तर 'मी मंजूर केला' चालणारच नाही. वर्षाला ५ कोटींपर्यंतची कामं खासदार सुचवतात, मंजुरी जिल्हा प्रशासन देतं. पैसे खासदारांच्या हातात येत नाहीत. तिथे शब्द 'शिफारस'. तो लिहिण्यात कमीपणा कसला?

'दखल'बद्दल : हाही अरबी, मूळ अर्थ शिरकाव. मराठीत 'दखल घेणे' म्हणजे लक्ष घालणे, हिंदीत 'दखल देना' म्हणजे ढवळाढवळ. हिंदी मजकूर घाईत मराठीत उतरवताना हे क्रियापद सांभाळा. पोलिसांच्या भाषेत 'दखलपात्र' गुन्ह्यात वॉरंटशिवाय अटक करता येते, एवढं त्या शब्दाला वजन आहे. पोस्टमधल्या दखलीतून मात्र काहीच घडायला हवं असं नाही. शिवाय 'घेण्यात आली' म्हटलं की घेणारा गायब. उत्तर असं हवं : 'तक्रार वॉर्ड ऑफिसच्या पाणी खात्याकडे आज दिली, नोंद क्रमांक अमुक, शुक्रवारी पुन्हा विचारून इथेच कळवतो.' तक्रारदाराचा पत्ता नि मोबाइल नंबर कमेंटमध्ये मागू नये, तो मेसेजमध्ये घ्यावा.

प्रश्न : आणि 'कारवाई'?

उत्तर : दंड, निलंबन, पाडापाडी ही कारवाई. अर्ज पुढे सरकवणं ही कार्यवाही. 'आपल्या अर्जावर लवकरच कारवाई करू' असं उत्तर आलं तर अर्जदाराने घाबरावं की खूश व्हावं?

प्रश्न : 'भूमिपूजन संपन्न' राहिलं.

उत्तर : नारळ फुटला, एवढंच. कार्यारंभ आदेशाचा क्रमांक आणि तारीख विचारा.