आलवण लाल होतं, पडद्यावर पांढरं का?

सुईदोरा: एकोणिसाव्या शतकातलं पुणं-कोकण दाखवणारे सिनेमे बघताना एक गोष्ट फार खुपते. ब्राह्मण घरातली विधवा येते ती पांढऱ्या साडीत, पाठीवर लांबसडक केस. आपल्याकडे ती तांबड्या आलवणात, म्हणजे विधवेच्या साध्या लुगड्यात असायची, केशवपन झालेलं, पदर डोक्यावरून घट्ट ओढलेला. नऊवारीच्या निऱ्या मशीनवर शिवलेल्या दिसल्या तर मी सोडून देईन. हे सोडवत नाही. पुन्हा पुन्हा न्हाव्यापुढे डोकं वाकवून बसणं हीच तर त्या बाईची शिक्षा होती. केस ठेवले की शिक्षाच पुसली गेली.

रात्रपाळी: लाल साडी बघून आजचा प्रेक्षक तिला नवी नवरी समजेल. पांढरा रंग एका क्षणात सगळं सांगतो. आणि मुंडण केलेल्या नटीने पुढचे कित्येक महिने दुसरं काम कसं करायचं?

सुईदोरा: शबाना आझमी आणि नंदिता दास यांनी २००० साली काशीतल्या विधवांवरच्या 'वॉटर' या सिनेमासाठी मुंडण केलं होतंच. वाराणसीत चित्रीकरण बंद पाडलं गेलं, तो भाग वेगळा. त्या गोष्टीत पांढरं वस्त्र शोभतं, ती काशीतलीच आहे. ते आपल्या वाड्यात कशाला?

घाटावरची: एक दुरुस्ती. केशवपन सरसकट सगळ्या जातींत नव्हतं. कितीतरी शेतकरी, कारागीर घरांत विधवेचा पाट लावायची, म्हणजे तिचं पुन्हा लग्न करून द्यायची चाल होती. तिथे मुंडण दाखवलं तर तेही खोटंच. पण मूळ मुद्दा मला पटतो. १८९० साली कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या न्हाव्यांनी विधवांची डोकी भादरायला नकार दिला. पडद्यावरच्या विधवेला आधीच भरघोस केस असतील, तर हा नकार कोणाला कळणार?

रात्रपाळी: न्हाव्यांचं हे मला माहीत नव्हतं. मुंडणाचं मान्य, रंगभूषेत टक्कल करता येतं. रंगाबद्दल मात्र मत तेच. प्रेक्षक गोंधळला की प्रसंग पडला.

सुईदोरा: आमच्याकडे जुन्या ट्रंकेत एक आलवण होतं. विटकं तांबडं, ना जर, ना बुट्टी. पहिल्याच प्रसंगात सासूने ते सुनेच्या पुढ्यात टाकू दे, दारात न्हावी बसलेला असू दे. कोणीही तिला नवरी समजणार नाही.